पिंक फ्लॉइडचं ‘मनी’: सात मात्रांच्या सिंगलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘मनी’ म्हणजे नेमकं कुठलं गाणं, आणि ते सिंगल म्हणून कधी निघालं?

मार्च 1973 मध्ये पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम आला. त्याच्या दुसऱ्या बाजूचं हे पहिलं गाणं. तबकडी उलटून सुई ठेवली की नाण्यांचा खळखळाट आणि गल्ल्याची घंटी ठेक्यात ऐकू येते, ते हेच. शब्द आणि मूळ चाल बेसवादक रॉजर वॉटर्सची, आवाज गिटारवादक डेव्हिड गिलमोरचा. मे 1973 मध्ये अमेरिकेत ते हार्वेस्ट लेबलवर सात इंची सिंगल, म्हणजे सुट्या गाण्याची छोटी तबकडी, म्हणून आलं. क्रमांक 3609, मागच्या बाजूला ‘एनी कलर यू लाइक’ ही निव्वळ वाद्यरचना.

बँड लंडनचा, मग ब्रिटनमध्ये सिंगल का नाही?

कारण ब्रिटनमध्ये त्यांनी सिंगल काढणंच सोडून दिलं होतं. डिसेंबर 1968 मधलं ‘पॉइंट मी अ‍ॅट द स्काय’ चाललं नाही. त्यानंतर थेट नोव्हेंबर 1979 पर्यंत, ‘अनदर ब्रिक इन द वॉल’ येईतो, त्यांचं एकही सिंगल घरच्या बाजारात आलं नाही. अल्बम सलग ऐकायचा असतो, त्यातलं एक गाणं उचलून विकलं की त्याचा संदर्भ तुटतो, ही त्यांची भूमिका होती. अमेरिकेत मात्र एएम रेडिओवर वाजायचं तर छोटं सिंगल हाताशी असावंच लागे.

हे तर सरळ ब्लूज वाटतं. याला प्रोग्रेसिव्ह रॉक का म्हणायचं?

पाया ब्लूजचाच आहे. बी मायनरमधली बारा आवर्तनांची ओळखीची चौकट, त्यात फारशी न हलणारी चाल. प्रोग्रेसिव्ह आहे ते त्या चौकटीचं केलेलं काम. ब्लूज चारच्या तालात चालतो, हे गाणं सातात चालतं. ठेका ड्रमवर सुरू न होता कापून जोडलेल्या टेपवर सुरू होतो. मधे सॅक्सोफोन सातातच वाजतो, मग गिटारसाठी ताल चारात जातो आणि शेवटी पुन्हा सातात उतरतो. एवढे सांधे असूनही ऐकणाऱ्याचा पाय हलत राहतो. अवघडपणा दाखवण्यासाठी नाही, तर गाणं पुढे ढकलण्यासाठी वापरलेला सात, ही या गाण्याची खरी कमाई.

बिलबोर्डवर ते किती वर गेलं? अल्बम या सिंगलमुळेच पहिल्या क्रमांकावर गेला ना?

बिलबोर्ड हॉट 100 मध्ये ते 13व्या क्रमांकापर्यंत पोचलं. अमेरिकेत पिंक फ्लॉइडला मिळालेलं हे पहिलं मोठं सिंगल.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र ‘नाही’ असं आहे, आणि ही गफलत खूप ठिकाणी वाचायला मिळते. अल्बम अमेरिकेत 28 एप्रिल 1973 च्या यादीत पहिला आला, तोही एकच आठवडा. सिंगल त्याच्यानंतर मे महिन्यात निघालं. म्हणजे सिंगलनं अल्बमला शिखरावर नेलं नाही. वर पोचलेल्या अल्बमला उन्हाळाभर रेडिओवर वाजतं ठेवलं आणि एरवी या बँडच्या वाटेला न गेलेला श्रोता त्याच्यापर्यंत आणला. पुढे 1988 पर्यंत मिळून तो अल्बम अमेरिकी यादीत 700 हून जास्त आठवडे राहिला. ब्रिटनमध्ये त्याची मजल दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली.

या यशात एका भारतीयाचा हात होता असं म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि हे आपल्याकडे जितकं माहीत असायला हवं तितकं नाही. भास्कर मेनन हे ते नाव. जन्म तिरुवनंतपुरमचा, 1934 सालचा. शिक्षण डून स्कूल, सेंट स्टीफन्स आणि ऑक्सफर्ड. 1956 मध्ये ते लंडनला ईएमआय या रेकॉर्ड कंपनीत रुजू झाले, नंतर ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाचं प्रमुखपद सांभाळलं, आणि 1971 मध्ये लॉस एंजेलिसला कॅपिटॉल रेकॉर्ड्सची सूत्रं हाती घेतली. कॅपिटॉल ही ईएमआयची अमेरिकी कंपनी. हार्वेस्टच्या तबकड्या तिथे तीच विकत असे.

त्याआधीचे पिंक फ्लॉइडचे अल्बम अमेरिकेत बेताचेच खपले होते. बँड कॅपिटॉलवर नाराज होता आणि अमेरिकेसाठी पुढचा करार कोलंबिया या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी करून मोकळा झाला होता. हातातून निघालेल्या बँडवर पैसा कशाला घालायचा, असा विचार एखाद्या कंपनीनं केला असता. मेनन यांनी उलट केलं. या अल्बमसाठी कंपनीची सगळी ताकद लावली आणि ‘मनी’ रेडिओ केंद्रांपर्यंत नेटानं पोचवलं. बँडच्या लोकांनी पुढे त्यांना त्याचं श्रेय मोकळेपणानं दिलं आहे. मार्च 2021 मध्ये मेनन यांचं निधन झालं.

सिंगलमध्ये आणि अल्बममध्ये फरक काय?

अल्बमवरचं गाणं साधारण 6 मिनिटं 22 सेकंदांचं आहे. सिंगलसाठी वाद्यांचा भाग छाटून ते बरंच आखूड केलं. शिवाय शब्दांत एक शिवी आहे, ती रेडिओवर चालणारी नव्हती, म्हणून केंद्रांना पाठवायच्या प्रोमो प्रतींमध्ये तो शब्द अर्धवट गाळलेली आवृत्तीही निघाली.

कापलेली आवृत्ती ऐकायला वाईट नाही, पण तिच्यात गाण्याचा तोल जातो. सातातून चारात गेल्यावर मिळणारा मोकळेपणा पुरेसा वेळ टिकला, तरच पुन्हा सातात येण्याला वजन येतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्यानं अल्बमवरचंच ऐकावं.

समीक्षकांनी आणि श्रोत्यांनी ते कसं घेतलं?

‘रोलिंग स्टोन’मध्ये लॉइड ग्रॉसमननं मे 1973 मध्ये अल्बमचं परीक्षण लिहिलं. एकूण सूर कौतुकाचा होता. गिलमोरचा आवाज काही ठिकाणी कमी पडतो आणि पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं छोटं करता आलं असतं, एवढ्याच तक्रारी होत्या, आणि त्याही किरकोळ म्हणून नोंदवल्या होत्या.

श्रोत्यांची प्रतिक्रिया जास्त महत्त्वाची, कारण तिनं बँडच बदलला. तोवर पिंक फ्लॉइडच्या मैफलीला येणारा माणूस शांत बसून ऐकायचा. वीस-वीस मिनिटांच्या रचना, त्यातले हळुवार भाग, सगळं सभागृह निःशब्द. 1973 च्या अमेरिकी दौऱ्यात हे पालटलं. रेडिओवर ‘मनी’ ऐकून आलेली पोरं पुढच्या रांगांत उभी राहून, संथ रचना चालू असतानाच, ‘मनी’ वाजवा म्हणून ओरडू लागली. गिलमोर आणि ड्रमवादक निक मेसन दोघांनीही याबद्दल पुढे सांगितलं आहे. प्रेक्षक आणि आपण यांच्यात भिंत उभी राहिली आहे ही वॉटर्सची भावना पुढच्या काही वर्षांत वाढत गेली. 1979 चा ‘द वॉल’ तिच्यातूनच उगवला. त्या दुराव्याची सुरुवात शोधायची तर या सिंगलपासून करावी लागते.

आणखी एक गोष्ट घडली. गाणं पैशाच्या हव्यासावर टीका करतं. पण रेडिओवर सुटं ऐकणाऱ्या पुष्कळांना ते पैशाचं कौतुक वाटलं. अल्बममध्ये त्याच्या आधी मृत्यूवरचं आणि नंतर युद्धावरचं गाणं आहे. मधे ठेवलं की अर्थ उघड होतो. सुटं केलं की नुसती नाणी वाजतात.

सुरुवातीचा नाण्यांचा ठेका कसा केला?

कात्री-पट्टीनं. 1972 मध्ये संगणकावर तुकडे सरकवायची सोय नव्हती. ध्वनी टेपवर घ्यायचा, हवा तेवढा तुकडा कापायचा, दुसऱ्याला चिकटवायचा.

लूपमध्ये, म्हणजे फिरत राहणाऱ्या टेपच्या वेढ्यात, सात तुकडे आहेत, एका मात्रेला एक. ड्रमवादक निक मेसननं जुन्या पेनी नाण्यांना भोकं पाडून त्या दोऱ्यात ओवल्या; ती माळ हलवल्याचा आवाज त्यांपैकी एक. वॉटर्सची तेव्हाची पत्नी ज्युडी मातीची भांडी करायची. माती कालवायच्या तिच्या मोठ्या भांड्यात नाणी भिरकावून त्यानं त्यांचं गरगरणं घेतलं. कागद टरकावल्याचा आवाज माइकसमोर कागद फाडून. गल्ल्याचा आवाज ध्वनिसंग्रहातून घेतलेला. मग प्रत्येक तुकडा पट्टीनं मोजून सारख्या लांबीचा कापला, आणि सातही जोडून टोकाला टोक चिकटवलं. असा टेपचा वेढा मशीनमधून फिरवायचा, बाहेर लोंबणारा भाग माइकच्या स्टँडभोवती घालून ताणून धरायचा. पुढे ध्वनिमुद्रण अ‍ॅबी रोडला झालं, ध्वनिअभियंता अ‍ॅलन पार्सन्स. पार्सन्सनंच नंतर चार कोपऱ्यांतल्या चार स्पीकरांसाठी वेगळं मिश्रण केलं. त्यात हे सात आवाज ऐकणाऱ्याभोवती फिरतात.

लांबी किती धरायची? हिशेब सांगाल का?

स्टुडिओत टेप सेकंदाला 15 इंच या वेगानं पळते असं धरा. लय मिनिटाला 120 मात्रा ठेवली तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, म्हणजे साडेसात इंच, 19 सेंटिमीटरच्या किंचित वर. सात मात्रा म्हणजे 52.5 इंच, साधारण 1.33 मीटर. एवढा वेढा साडेतीन सेकंदांत एकदा फिरतो. लय 126 केली तर एक तुकडा सव्वासात इंचांच्याही आत येतो. लय वाढवायची म्हणजे टेप आखूड करायची, हे एकदा हातानं करून पाहिलं की तालाचा हिशेब डोळ्यांना दिसतो.

घरी लॅपटॉपवर असं लूप करायचं आहे. कसं करू?

ध्वनिसंपादनाचं कुठलंही सॉफ्टवेअर चालेल.

प्रकल्पाची लय 120 आणि ताल 7/4 लावा. मोबाइल चालेल, पण साधा माइक बरा. आवाजापासून वीतभर अंतरावर ठेवा. स्टीलच्या वाडग्यात दहा-बारा नाणी टाकून वाडगा गोल फिरवा. नाणी ओंजळीतून लाकडी पाटावर सोडा. किल्ल्यांचा जुडगा हलवा. वर्तमानपत्र आणि कोरा कागद वेगवेगळे फाडा, दोन्हींचा आवाज निराळा येतो. लाकडी खण जोरात ढकलून बंद करा. सायकलची घंटी गल्ल्याच्या घंटीच्या जवळ जाते. प्रत्येकाचे पाच-सहा नमुने घ्या, एक निवडा.

48 किलोहर्ट्झवर काम करत असाल तर प्रत्येक तुकडा 24,000 सॅम्पलचा. सात तुकडे सात मात्रांवर ठेवा, प्रत्येकाच्या शेवटी 5 मिलिसेकंदांचा उतार द्या, नाहीतर सांध्यावर टिकटिक येईल. मग सगळं मिळून साडेतीन सेकंद आवृत्त करा.

तुकडे अगदी सारखे कापले, तरी ठेका लंगडतो. का?

बहुतेकांचं इथेच अडतं. कान तुकड्याची सुरुवात ऐकत नाही, तो आघात ऐकतो. खण बंद झाल्याचा आघात तुकड्याच्या तोंडाशीच असतो. नाणी ओतल्याचा आवाज आधी बारीक सुरू होतो आणि थोडा वेळ गेल्यावर भरतो. कागदाला तर आघातच नसतो, तो सरकत फाटतो. त्यामुळे मोजमाप चोख असूनही नाण्यांची मात्रा उशिरा पडल्यासारखी वाटते.

उपाय असा: प्रत्येक तुकड्यात आवाज सगळ्यात झटकन वर चढतो ती जागा लहरीच्या चित्रात शोधा आणि ती मात्रेच्या रेषेवर आणा. तिच्या आधीची कुजबुज कापून टाका. कागदाचा पहिला पाव भाग सरळ उडवा, मधूनच सुरू करा, म्हणजे त्याला कृत्रिम का होईना आघात मिळतो.

खऱ्या टेपवर करत असाल तर आणखी दोन गोष्टी. कापायचं पातं चुंबकीय झालेलं असेल तर प्रत्येक जोडावर ‘टक्’ असा आवाज येतो. आणि वेढा सैल राहिला तर आवाज थरथरतो, फार ताणला तर ओढल्यासारखा खाली-वर होतो. स्टँड हळूहळू मागे सरकवत, लोंबणारा भाग नुसता सरळ होईल इतकाच ताण ठेवावा.

बेसचा तुकडा कसा वाजतो? सरगममध्ये सांगता येईल का?

छान सांगता येतो. बी हा षड्ज धरा. मग सात मात्रा अशा: सा, तार सा आणि मध्य प जोडून, सा, मंद्र प, मंद्र कोमल नी, सा, कोमल ग. दुसऱ्या मात्रेत दोन स्वर आहेत, बाकी सगळीकडे एकेक.

साध्या जुळणीच्या चार तारी बेसवर बोटं: ए तारेचा दुसरा पडदा, जी तारेचा चौथा आणि लगेच डी तारेचा चौथा, ए तारेचा दुसरा, ई तारेचा दुसरा, ई तारेचा पाचवा, ए तारेचा दुसरा, ए तारेचा पाचवा. पाचव्या मात्रेला मोकळी ए तारही चालते, पण ती घुमत राहते, म्हणून दाबलेली बरी.

दुसऱ्या मात्रेतले दोन स्वर सारख्या वाटणीचे नाहीत. मात्रेचे तीन भाग केले तर पहिला स्वर दोन भाग घेतो, दुसरा एक. सरळ अर्धा-अर्धा वाजवला की गाणं लष्करी कवायतीसारखं ताठ होतं. वॉटर्स फेंडर प्रिसिजन बेस पिकनं वाजवतो, म्हणून प्रत्येक स्वराला कडा आहे. बोटांनी वाजवायचं तर तार ब्रिजजवळ, म्हणजे ती गिटारच्या अंगावर टेकते तिथे, छेडा.

सात मात्रा म्हणजे रूपकच ना? रूपकचा ठेका धरून वाजवलं तर चालेल?

मात्रा सात, एवढंच साम्य. रूपकचे खंड 3, 2, 2 असे, ‘ती ती ना, धी ना, धी ना’, आणि समेवरच खाली. ‘मनी’त मेसनचा स्नेअर, म्हणजे ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम, 2, 4 आणि 6 या मात्रांवर येतो. म्हणजे चाल दोन-दोनच्या पावलांनी निघते आणि शेवटी तीन मात्रांचा खंड उरतो: 2, 2, 3. रूपकचा ठेका यावर ठेवलात तर चौथ्या आणि सहाव्या मात्रेवर दोघं भेटतात, पण रूपकची तीन मात्रांची झोळी सुरुवातीलाच आणि ‘मनी’ची शेवटी, त्यामुळे दोन वजनं एकमेकांशी भांडतात. मुद्दाम तसं वाजवलं तर ऐकायला मजा येईल, पण मूळ गाणं शिकताना ते बाजूला ठेवा.

रूपकात भावगीतं ऐकून वाढलेल्या कानाला एक मोठा फायदा मात्र आहे: आवर्तन सातालाच संपतं हे त्याला पटवावं लागत नाही. चारचौकटीत वाढलेला वादक सातवीनंतर नकळत आठवी मात्रा भरतो. ही चूक सर्वांत जास्त होते. ती मोडायची तर आकडे मोजू नका, बेसची ओळ गुणगुणा. कोमल ग आला की पुढचा स्वर सा, मधे श्वास नाही. दहा मिनिटं टाळीवर नुसतं गुणगुणलं की आकड्यांची गरज उरत नाही.

सातातून चारात जायची जागा कशी सांभाळायची?

सॅक्सोफोन डिक पॅरीचा, टेनर. तो केंब्रिजच्या दिवसांपासून गिलमोरच्या ओळखीचा. त्याला सातातच वाजवायला लागलं. गिटारसाठी चारचा ताल बँडनं नंतर बसवला, आणि बिचाऱ्या सॅक्सवाल्याला सातात अडकवलं अशी कबुली गिलमोरनं एका मुलाखतीत दिली आहे.

वाजवताना बदलाची खूण ड्रमवादकानं द्यावी, गिटारवाल्यानं नाही. गिटारवाला पहिल्या लांब स्वराच्या तयारीत असतो, त्याचं मोजणं सुटतं. सरावात आधी सोलो वगळा: सातची चार आवर्तनं, लगेच चारची आठ, परत सातची चार, असं फक्त बेस आणि ड्रमवर बसवा. उलटी वाट, म्हणजे चारातून सातात परतणं, जास्त घसरडी आहे. गिटारच्या भागात लय जराशी चढलेली असते आणि त्याच वेगात बेसची ओळ परत पकडावी लागते.

गिटारच्या तीन फेऱ्या इतक्या वेगळ्या का वाटतात?

प्रत्येक फेरी 24 आवर्तनांची आहे, बारा आवर्तनांच्या ब्लूजची चौकट दुपटीनं ताणलेली. पहिलीत फेंडर स्ट्रॅटोकास्टर, फझ (आवाज खरखरीत करणारं पेडल) आणि भरपूर प्रतिध्वनी, सगळा बँड मागे. दुसरीत अचानक सगळं कोरडं. प्रतिध्वनी गायब, साथ विरळ, गिटार जणू हातभर अंतरावर येते. मग तिसरीत पुन्हा सगळं उसळतं. तिसरीतले वरचे स्वर साध्या स्ट्रॅटोकास्टरच्या पडद्यांपलीकडचे आहेत, म्हणून तिथे गिलमोरनं पूर्ण दोन सप्तकं, म्हणजे 24 पडदे असलेली लुईस गिटार वापरली.

घरी वाजवताना चूक होते ती दुसऱ्या फेरीत. फझ आणि प्रतिध्वनी तसेच चालू राहतात, मग तिसरीला चढायला जागाच उरत नाही. दुसरीच्या आधी प्रतिध्वनीचं पेडल पायानं बंद करायचं, फझ कमी करायचं, आणि स्वरही कमी वाजवायचे. या वेळी मागे रिचर्ड राइट वर्लिट्झर इलेक्ट्रिक पियानो वा-वा पेडलमधून वाजवतो. तो नसेल तर कोणत्याही कीबोर्डवरचा इलेक्ट्रिक पियानो आणि गिटारचं वा-वा पेडल जोडून काम भागतं.

मंचावर लूप वाजवायचं तर काय काळजी घ्यावी?

लूप यंत्राचं, बँड माणसांचा. दोघं जास्त वेळ एकत्र चालत नाहीत. ड्रमवादकाच्या कानात लूपची टिकटिक द्या, किंवा बेस आणि ड्रम लागले की तीन-चार आवर्तनांत लूपचा आवाज उतरवत शून्यावर आणा. मूळ मुद्रणातही ते असंच विरत जातं.

आणि टेपवर फार विसंबू नका. 20 जानेवारी 1972 ला ब्रायटन डोममध्ये बँडनं ही सगळी रचना पहिल्यांदा लोकांसमोर मांडायला घेतली, तेव्हा यंत्रणा नेमकी ‘मनी’च्या वेळी बिघडली आणि पुढचं सोडून द्यावं लागलं. पूर्ण प्रयोग दुसऱ्या दिवशी पोर्ट्समथला झाला. लूप वाजलंच नाही तर बेसनं एकट्यानं सुरू करायचं, हे आधी ठरवून ठेवा.

1981 च्या संग्रहातलं ‘मनी’ वेगळं का वाटतं?

कारण ते वेगळंच आहे. ‘अ कलेक्शन ऑफ ग्रेट डान्स साँग्स’ हा संग्रह अमेरिकेत कोलंबियानं काढला आणि मूळ मुद्रण वापरायला कॅपिटॉलनं दिलं नाही. म्हणून गिलमोरनं ते पुन्हा मुद्रित केलं. ड्रमसकट जवळपास सगळी वाद्यं त्यानं स्वतः वाजवली, सॅक्सोफोनला डिक पॅरीलाच बोलावलं. ओळखायला सोपं: ड्रम जास्त आखीव, आणि मूळच्या मुद्रणात लय चढत जाते तसं इथे होत नाही.

आणखी कुठल्या आवृत्त्या ऐकाव्यात?

2 जुलै 2005 ला लंडनच्या हाइड पार्कमध्ये लाइव्ह 8 या गरिबीविरोधी मैफलीच्या मंचावर बँडमधले चौघं एकत्र आले, तेव्हा ‘मनी’ वाजलं. सॅक्सोफोनवर पॅरीच. वयानं संथ झालेली, पण घट्ट लय. फेब्रुवारी 2007 मध्ये वॉटर्सनं मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या एमएमआरडीए मैदानावर अख्खा अल्बम सादर केला, त्यातही अर्थातच हे गाणं होतं. 2023 मध्ये अल्बमला पन्नास वर्षं झाली तेव्हा वॉटर्सनं सगळा अल्बम एकट्यानं नव्यानं केला आणि जुलैमध्ये पहिलं सिंगल म्हणून ‘मनी’च काढलं. अगदी संथ, खर्जात बोलल्यासारखं, गिटार सोलो नाही. त्यावर मतं टोकाची आली. शब्दांचा कडवटपणा तिथे स्पष्ट पोचतो, पण सात मात्रांचा झोक त्या लयीत विरघळतो, आणि झोक गेला की गाण्याचा कणाच जातो.

वॉटर्सनं इस्लिंग्टनच्या घरामागच्या शेडमध्ये एकट्यानं केलेला डेमोही नंतर प्रसिद्ध झाला आहे. अकूस्टिक गिटार आणि आवाज, बस. सात मात्रा तिथेही आहेत.

गाणं विरताना शेवटी कुणीतरी बोलतं. ते काय आहे?

वॉटर्सनं काही प्रश्न कार्डांवर लिहिले आणि अ‍ॅबी रोडला जो भेटेल त्याला, दरवानापासून दुसऱ्या बँडच्या वादकांपर्यंत, एकेक करून माइकसमोर बसवून विचारले. एक प्रश्न होता: शेवटचं कधी हात उगारलास? त्यापुढचा: तेव्हा तुझं बरोबर होतं का? पॉल मॅकार्टनीचीही उत्तरं घेतली, पण तो फार सावध आणि विनोदी बोलला म्हणून ती वापरली नाहीत. त्याच्याच विंग्ज बँडचा गिटारवादक हेन्री मॅककुलॉ याचं उत्तर राहिलं: माहीत नाही, तेव्हा मी बराच प्यायलेलो होतो.

सिंगलवर हा भाग पोचतच नाही. अल्बमवर ऐकताना, हेडफोन लावून, गिटार विरायला लागली की आवाज थोडा वाढवा. ती बोलणी संपायच्या आत खालून ऑर्गनचा पहिला लांब स्वर उगवतो, आणि ‘अस अँड देम’ सुरू झालेलं असतं.